प्रिय वडिल

१२ जून

बाइंडरबाई,

खुर्चीत बसून वाच. मला एक मुलगी आहे. नऊ वर्षांची.

हे वाक्य मी तीनदा तपासलं. त्यात चूक नाही.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची ती तुला आठवत असेल. तिच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचून मी म्हणालो होतो, "इथे एक मात्रा उडाली आहे." ती म्हणाली होती, "मग तुम्हाला चष्मा कशाला हवा?" आठ महिने आमचं बरं चाललं होतं. मग ती एक दिवस दुसऱ्या गावी निघून गेली. का गेली ते मी विचारलं नाही. तेव्हा प्रेसमध्ये शब्दकोशाचं काम होतं, आणि मी 'प'पर्यंत आलो होतो.

काल तिचं पाकीट आलं. आत तिची चिठ्ठी: "ही तुझी मुलगी. तिने पत्ता मागितला, मी दिला. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पण एकदा दिलंस तर कायम द्यावं लागेल. तिला अर्धवट गोष्टी चालत नाहीत."

आणि मुलीचं पत्र. वहीचं पान, पेन्सिल. उतरवून देतो.

"प्रिय वडील, आईने तुमचा पत्ता दिला. मी नऊ वर्षांची आहे. मला दातांना तार लावणार आहेत. माझ्याकडे नवीन सायकल आहे, पण तिची घंटी वाजत नाही. मी जास्त बोलते असं बाई म्हणतात. तुम्ही कसे दिसता? आईकडे फोटो नाही. तुमच्याकडे कुत्रा आहे का? मला तुमच्याकडून काही नको. फक्त एक गोष्ट विचारायची आहे, पण ती दुसऱ्या पत्रात."

महिने मोजले. जुळतात.

मी शेचाळीस वर्षांचा आहे. दिवसभर औषधांच्या खोक्यांत घालायचे कागद तपासतो. 'जेवणानंतर'च्या जागी 'जेवणाआधी' छापलं जाऊ नये, एवढीच माझी या जगात जबाबदारी. प्रेस बंद झाल्यापासून तू बहिणीकडे. आपला मशीनवाला ठोक्या आता पिशव्या छापायच्या कारखान्यात मशीन चालवतो. अक्षरं जुळवणारा जुळारी तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही. पूर्वी ही बातमी चहाच्या टेबलावर फुटली असती आणि तुम्ही तिघांनी मला सोलून काढलं असतं. तेवढं झालं की मला सुचलं असतं. एकट्याने बाप होणं जमत नाही.

काय लिहू?

कानामात्रा

१६ जून

कानामात्रा,

उभ्यानेच वाचलं. मग बसले.

सल्ला कोणाला मागतोस? मी आयुष्यात वाढवलं काहीच नाही, शिवली ती पुस्तकं. तरी सांगते. उत्तर दे, लगेच दे. थोडकं दे. कुत्रा नाही म्हणून वाईट वाटतंय असं लिही. कसा दिसतोस ते लिही. खरं लिहिलंस तरी घाबरणार नाही, मुलं धीट असतात.

ठोक्याला सांगू नकोस. त्याच्या तोंडाला टाका घालायला अजून सुई निघायची आहे. जुळाऱ्याचा प्रश्नच नाही. प्रेस बंद होतोय म्हणून गिऱ्हाइकांना कार्डं पाठवली आणि त्यांत 'लोभ असावा'च्या जागी 'लोभ नसावा' छापलं गेलं. जुळवणारा तो, तपासणारा तू. दोघांपैकी एकाने "चुकलं" म्हटलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं. तुम्ही तीन वर्षं लावलीत.

तिच्या आईने चिठ्ठीत एवढंच लिहिलंय? आणखी कोणाबद्दल काही नाही?

तुझी
बाइंडर

२० जुलै

बाइंडरबाई,

महिना झाला. मुलीचं दुसरं पत्र नाही.

मी वेळेवर उत्तर दिलं होतं. मन लावून दिलं. तिचं पत्र मी किती काळजीपूर्वक वाचलं ते तिला दिसावं, अशी व्यवस्था केली. आणखी काय करायचं असतं?

ठोक्याला सांगितलं. सांगावं लागलं. टपालपेटीपाशी रोज मला बघून तो म्हणाला, "कोर्टाची नोटीस येणार आहे की नोकरी?"   ऐकल्यावर म्हणाला, "नऊ वर्षं उशिरा निघालेला अंक. बाप आहेस की आपला प्रेस?" आणि दुसऱ्या दिवशी सायकलची घंटी घेऊन आला. पितळी, जड. माझ्या टेबलावर ठेवली आहे. कागद सारताना वाजते.

त्याने ते जुळाऱ्याच्या कानावर घातलं असणार. जुळाऱ्याचा काही निरोप नाही. नसू दे.

तिला एक गोष्ट विचारायची होती. ती काय असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. कारखान्यात काल गोळ्यांच्या कागदावर 'मुलांपासून दूर ठेवा' हे वाक्य आलं. मी ते चार वेळा वाचलं. बरोबर होतं. पुढच्या टेबलावर सरकवता येईना.

कानामात्रा

२५ जुलै

कानामात्रा,

'अशी व्यवस्था केली' म्हणजे काय केलंस?

तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. तिचं पत्र तू उतरवून दिलंस, त्यात एक चूक नाही. नऊ वर्षांच्या पोरीने सगळे अनुस्वार दिले, 'नवीन' बरोबर लिहिलं, 'वडील' बरोबर लिहिलं? मला उतरवून देतानासुद्धा तुला राहवलं नाही. मग मूळ पत्राचं काय केलंस ते मला दिसतंय. लाल पेनने तपासलंस आणि परत पाठवलंस. खाली तुझं उत्तर असेल, दोन ओळी. बरोबर ना?

मूर्खा. पण मूर्खपणाचा मान तुला एकट्याला देत नाही. ऐक.

तिची आई दहा वर्षांपूर्वी प्रेसमध्ये आली होती. तुला सांगायला. पुस्तकं बांधायच्या माझ्या खोलीपर्यंत जिन्याने वर आली. दार लोटलेलं होतं. आत आपण चौघं चहा पीत होतो. प्रेसच्या मालकाला मुलगा झाला होता आणि आपण त्याची टिंगल करत होतो. ठोक्या काहीतरी म्हणाला. मग तू म्हणालास, "मूल म्हणजे शुद्धिपत्राशिवाय काढलेली आवृत्ती. चुका दिसतात, करता काही येत नाही." आम्ही खूप हसलो. सगळ्यात जास्त मी.

खळीचं भांडं भरायला बाहेर आले तर ती पायरीवर बसलेली. मी पाणी दिलं. तिचं पोट तेव्हा दिसत नव्हतं, पण तिने सांगितलं. म्हणाली, "मी आले होते हे त्याला सांगू नका. त्याचं चौघांत भरतंय. पाचवी जागाच नाही, सहाव्याचं सोडा." मी शब्द दिला.

शब्द दिला म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. खरं ते नाही. तू गेला असतास तर ते टेबल मोडलं असतं, आणि मला त्या टेबलाशिवाय दुसरं घर नव्हतं. टेबल तरीही मोडलंच. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी आधी हे शोधलं की माझं नाव त्यात आहे का. मग मुलीचं वाचलं.

आता काय ते तूच ठरव.

बाइंडर

३० ऑगस्ट

बाइंडर,

पाच आठवडे लिहिलं नाही. लिहायला बसलो की पत्राच्या पहिल्या ओळीत तुला काय म्हणावं तेच ठरेना. 'बाई' गाळलंय ते बघितलंस ना? ते तसंच राहणार आहे, सध्या.

तू लिहिलंस ते खरं आहे. तिच्या पत्रावर मी सात खुणा केल्या. खाली लिहिलं: "पत्र मिळालं. आनंद झाला. अक्षर चांगलं आहे. कुत्रा नाही." दोन तास बसलो होतो. काय लिहावं ते सुचत नव्हतं आणि हातात लाल पेन होतं. मला वाटलं, मी जे वाचतो ते तपासतो, जे आवडतं ते जास्त तपासतो, हे तिला कळेल. कोणाला कळणार होतं ते?

ते वाक्यही आठवलं. शुद्धिपत्राचं. चांगलं वाक्य होतं म्हणून मी ते नंतरही दोन ठिकाणी वापरलं.

तुझ्यावरचा राग कोणावर तरी काढायचा म्हणून जुळाऱ्याकडे गेलो. तीन वर्षं भांडण तयार होतंच. ठोक्या सोबत आला, पण जिन्यात थांबला. "मी मध्ये पडत नाही," म्हणाला. "मशीनच्या दोन रुळांच्या मध्ये पडलं की बोटं जातात."

जुळाऱ्याने दार उघडलं. अंगात तेच निळं जाकीट.

"कोण मेलं?"

"कोणी नाही."

"मग तू कशाला आलास?"

भांडायचं तेच विसरलो. तोंडातून निघालं, "एक मजकूर जुळवायचा आहे."

"केवढा?"

"बारा ओळी."

"वेळ नाही," म्हणाला, आणि दार उघडं ठेवून आत गेला.

प्रेस विकला तेव्हा त्याने अक्षरखिळ्यांच्या दोन केसी, त्या खणाखणांच्या पेट्या, आणि हाताने दाबायचं छोटं प्रूफ मशीन घरी नेलं होतं, आठवतं? आता ते त्याच्या पलंगाच्या जागी आहे. पलंग भिंतीला उभा. तो केसीपुढे उभा राहिला. "सांग."

मूळ पत्र माझ्याकडे नव्हतं. लागतही नव्हतं.

"प्रिय वडिल," मी म्हणालो. "ऱ्हस्व."

त्याचा हात खणावर थांबला. "दीर्घ."

"ऱ्हस्व."

"तू शुद्धीवर आहेस ना?"

"मूळ प्रतीप्रमाणे," मी म्हणालो.

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग ऱ्हस्व वेलांटी उचलली. "नऊ वर्षाची", अनुस्वार नाही. "नविन सायकल." "तुम्हि कसे दिसता." सातही चुका मी त्याला एकेक करून सांगितल्या आणि त्याने एकेक करून जुळवल्या. तो सावकाश जुळवत होता. पूर्वी कोणाशी न बोलता झपाट्याने पान लावायचा, आता बारा ओळींना दुपार लागली.

मध्येच, मान खाली ठेवून म्हणाला, "ते 'नसावा' मी मुद्दाम जुळवलं होतं."

त्याने पुढचा खिळा लावला.

"मला वाटलं, तू पकडशील. शिव्या घालशील, आपण हसू. शेवटचा दिवस होता. तू सही करून पाठवलंस. मला वाटलं, तुला तेच म्हणायचंय."

"मला ते दिसलंच नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी मला काहीच दिसत नव्हतं. चष्मा सारखा पुसावा लागत होता."

"मग तेव्हा सांगायचंस."

"तूही सांगायचंस."

जिन्यातून ठोक्या ओरडला, "मिटलं असेल तर वर येऊ का? इथे डास आहेत."

प्रूफ निघालं. जुळाऱ्याने ते माझ्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं. मी वाचलं. सात चुका, आपापल्या जागी. खाली लिहिलं, 'छापण्यास हरकत नाही', आणि सही केली. इतक्या वर्षांत इतकं वाईट प्रूफ मी पास केलं नव्हतं.

त्याचं छोटं पुस्तक करतोय: डाव्या पानांवर तिचं पत्र आहे, उजव्या पानांवर माझी उत्तरं. 'तुम्ही कसे दिसता' याचं उत्तर मला लिहूच दिलं नाही. ठोक्या म्हणाला, "लिही, नाक पुढे आणि माणूस मागे." जुळारी म्हणाला, "लिही, हरवलेलं काहीतरी शोधत असल्यासारखा." दोन्ही छापलं. तिचं पत्र परत पाठवलं ती माझी चूक होती, हेही छापलंय. कुत्र्याबद्दल वाईट वाटतंय, तेही. शेवटी एवढंच: दुसऱ्या पत्राची वाट बघतो.

पानं, ठोक्याची घंटी आणि पोरीचा पत्ता सोबत पाठवतोय. शिवणारं दुसरं कोणी नाही.

तुला माफ केलेलं नाही. पानं नीट दुमड.

कानामात्रा

६ सप्टेंबर

कानामात्रा,

शिवलं. सोळा पानं, एकच घडी, पाच भोकं. गाठ आतून घेतली आहे, बाहेर दिसणार नाही. सूत मेणात ओढलं होतं. पोरीने ओढून बघितलं तरी तुटायचं नाही. पुठ्ठ्याला लाल कापड लावणार होते, मग हिरवं लावलं. लाल तिने पुरेसं पाहिलंय.

काल रजिस्टर पोस्टाने पाठवलं. ठोक्याची घंटी वेगळ्या खोक्यात. टपाल कचेरीतला म्हणाला, "आत काय आहे, वाजतंय." मी म्हटलं, "उशीर."

तिच्या आईला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात काय लिहिलं ते तुला सांगणार नाही. ते तुझ्याकडून तपासून घ्यायचं नव्हतं.

मागची दोन पानं कोरी ठेवली आहेत. तू पाठवलेल्या पानांत ती नव्हती, मी घातली.

बाइंडर

१९ सप्टेंबर

प्रिय वडील किंवा वडिल (जे बरोबर असेल ते घ्या),

पुस्तक मिळालं. घंटी पण मिळाली. खालचे काका म्हणाले एवढी मोठी घंटी सायकलला नसते, आगीच्या बंबाला असते.

मी तुमच्यावर दोन महीने रागावले होते. लाल खुणा बघून मी पत्र फाडणार होते, पण ते माझंच पत्र होतं. आईला दाखवलं. आई आधी रागावली आणि मग खूप हसली. म्हणाली, त्याला दुसरं काही येत नाही गं. मला हसू आलं नाही.

पुस्तक मी वर्गात नेलं. बाई म्हणाल्या पुस्तकात अशा चूका छापतात होय? मी म्हटलं, माझ्या छापतात.

मला जी गोष्ट विचारायची होती ती आता विचारते, पण आधी दुसरं एक. मी वडिल असं का लिहिलं ते तुम्ही विचारलंच नाही. मी तो शब्द शाळेच्या फॉर्मवर बघितला आहे. दरवर्षी असतो. तिथे वडिलांचे नाव असं छापलेलं असतं आणि पहिली वेलांटी असते. पुढे रिकामी रेघ असते. आई त्या रेघेवर अजून एक रेघ मारते. मी घरी येऊन त्यातला लांचे मधला ल ठेवला आणि बाकीचं काढलं, मग वडिल उरलं. दुसरीकडे कुठे तो शब्द मला लागला नाही. मग माझं चूक कसं? फॉर्म चुकलाय का मी?

पुढच्या वर्षी मोठी शाळा आहे. त्या फॉर्मवर पण ती रेघ आहे. त्या रेघेवर काय लिहायचं ही दुसऱ्या पत्रातली गोष्ट. आई म्हणाली, त्यालाच विचार.

फॉर्म सोबत पाठवला आहे. दहा तारखेच्या आत द्यायचा आहे. तपासून पाठवा. लाल पेन चालेल.

ता. क. पुस्तकाची गाठ मला सापडली नाही. सगळीकडे शोधली.

२२ सप्टेंबर

प्रिय,

फॉर्म बरोबर आहे. तू काढलंस तेही डोकं लावून काढलंस. चूक माझी. मी खूण केली आणि कारण लिहिलं नाही. कारण न देता खूण करायची नसते, हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचो.

कारण असं आहे. 'वडील' हा शब्द एकटा असतो तेव्हा दुसरी वेलांटी. त्याला पुढे काही येऊन जोडलं गेलं की पहिली होते: वडिलांना, वडिलांकडे, वडिलांचे. 'मूल' या शब्दाचंही तसंच. एकटं असलं की दुसरा उकार. मुलाला, मुलांकडे म्हटलं की पहिला. हा नियम मला तीस वर्षं पाठ आहे. नीट वाचला तो या आठवड्यात.

तुझ्या या पत्रात दोन चुका आहेत. मी खुणा केलेल्या नाहीत. कुठल्या ते विचारलंस तर सांगेन, कारणासकट.

हे पत्र चहाच्या टेबलाशी बसून लिहितोय. ठोक्याकाका विचारतायत घंटीचा आवाज किती लांब जातो. जुळारीकाका म्हणतायत, "पोरीला विचार, पुढचं पुस्तक कधी?" दोघं भांडतायत, म्हणून अक्षर हललंय. गाठ आतून घेतलेली आहे, सापडणार नाही. ती घेणारी बाइंडरआत्या लांब राहते. तिची खुर्ची आम्ही ओढून ठेवली आहे. तिला मी आजच लिहितो.

तू आणि आई म्हणाल तेव्हा मी येईन. एकटा येईन. कोणी सोबत आलंच तर त्यांना जिन्यात थांबवीन.

फॉर्म सोबत आहे. रेघेवर माझं पूर्ण नाव लिहिलं आहे, निळ्या शाईने. तपासून बघ. काही चुकलं असेल तर खूण कर.

लोभ असावा.

तुझे
वडील